खिशातलं मीठ

मी त्याला पहिल्यांदा उचललं तेव्हा तो झोपलेला होता. आणि शपथेवर सांगते, मला वाटलं तो बाहुला आहे!

आता तुम्ही म्हणाल, डोळे फुटले होते का? तर ऐका. आमच्या अग्निशमन केंद्राच्या आवारात सरावासाठी एक बाहुला असतो. वाळू आणि चिंध्या ठासून भरलेला, माणसाएवढा आणि माणसाइतकाच जड, अंगात जुनी निळी डांगरी. आगीतून बेशुद्ध माणूस कसा बाहेर काढायचा ते त्याच्यावर शिकतात. त्या दुपारी पाण्याच्या होजपाइपांच्या गुंडाळ्यांवर, तोंडावर टोपी टाकून, एक निळी डांगरी आडवी पडली होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. म्हटलं चला, कुणी बघायच्या आत प्रयत्न करून घेऊ. वाकले, काखेत हात घातला, कसाबसा खांद्यावर घेतला आणि सरावाच्या मनोऱ्याचा जिना चढायला लागले.

दुसऱ्या पायरीवर बाहुला म्हणाला, "बाई... आग कुठे लागलीय?"

मी किंचाळले आणि त्याला सरळ सोडून दिलं.

"अहो, हळू! जिवंत आहे मी!" तो कंबर चोळत उठून बसला. सावळा, हसरा, दाढी दोन दिवसांची. "कँटीनचा नवा आचारी. माझ्या कपड्यांवर आमटी सांडली, म्हणून कुणीतरी ही डांगरी दिली. तुमच्याकडे आचाऱ्यांचं असंच स्वागत होतं का?"

"आवारात झोपलेल्यांचं होतं," मी म्हणाले. चूक माझी असली म्हणून काय झालं, आवाज खाली कशाला आणायचा?

"आणि तुम्ही कोण?"

"मी कंट्रोल रूममध्ये असते. फोन घेते."

"फोन घेता आणि माणसं उचलता?"

"उचलत होते... आणि परत उचलणार आहे."

बोलले खरं, पण दोन पायऱ्यांतच भात्यासारखा श्वास चालू होता. त्याने ते पाहिलं. हसला मात्र नाही, आणि तेवढ्यासाठी मी त्याला माफ केलं.

खरी गोष्ट अशी की मी बंबावर होते. या केंद्रात बंबावर चढलेली पहिली मुलगी. मग एका कामात गुडघा मोडला आणि साहेबांनी मला फोनवर बसवलं. बसवलं ते बसवलंच. फोन, खुर्ची, चहा, बिस्किटं, पुन्हा फोन. गुडघा बरा झाला तोवर पोट सुटलं होतं. पोरं मला 'टाकी' म्हणायला लागली. प्रेमानंच म्हणायची मेली, मीही खो खो हसायची, पण आत चरचरायचं.

आणि आता थंडी संपताना परीक्षा होती. बंदराजवळच्या केंद्रात बंबावर एक जागा रिकामी झाली होती. परीक्षा दोनच गोष्टींची. पाठीवर हवेची टाकी बांधून मनोऱ्यावरच्या अरुंद खिडकीतून आत शिरायचं, आणि आतला बाहुला खांद्यावर घेऊन खाली यायचं. खिडकीला पोट चालत नाही आणि बाहुल्याला बळ लागतं. एक जमलं आणि दुसरं नाही, तर आयुष्यभर फोन.

मी काय केलं असेल? जेवण सोडलं! सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी, रात्री स्वतःची कीव. वजनाचा काटा भराभर खाली यायला लागला आणि मी हवेत. आईसुद्धा खूष. तिचं गणित वेगळं होतं, पोट गेलं की स्थळं येतील.

पण कँटीनमध्ये एक माणूस खूष नव्हता.

"ताट परत आलं," आचारी खिडकीतून म्हणाला. "मीठ जास्त झालं का?"

"नाही. पोट कमी करतेय."

"पोट कमी करताय की पोट मारताय?" तो ताट घेऊन थेट माझ्या टेबलावर आला. "माझी थोरली ताई वजनं उचलायची. स्पर्धेत. तिच्यासाठीच मी स्वयंपाक शिकलो. एकदा वजनगटात बसायला उपाशी राहिली, आणि वजनाला हात लावायच्या आधीच चक्कर येऊन पडली. चला, मला उचलून दाखवा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"का, लाजता?"

मी आणि लाजणार! उठले, वाकले, ओढलं... आणि तो जागचा हललासुद्धा नाही. काटा तर मला हलकी झालीस म्हणत होता. "मग माझं बळ कुठे गेलं?" मी पुटपुटले.

"चरबीबरोबर तेही गेलं," तो हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. "पोटाला चिमटा काढून अंगात ताकद येत नाही, बाई. जेवा. बाकी मी बघतो."

सरावाचा खरा बाहुला फाटला म्हणून शिवायला गेला होता, तो परत येण्याचं नाव घेत नव्हता. तेव्हा ठरलं ते असं. मी आचाऱ्याच्या हातचं जेवणार आणि रोज सकाळी आचारी माझा बाहुला होणार.

काय सांगू त्या सकाळी! आधी मी वजनं मारायची, मग त्याला खांद्यावर टाकून जिना. आणि तो गप्प बसेल तर शपथ. डोकं खाली, पाय वर, आणि तोंड चालू.

"आज डाळ दोन वाट्या. अंडी ठेवलीत बाजूला. दही संपवायचं."

"बाहुले बोलत नाहीत!"

"तुमच्याशी बोलताना मला फक्त तुमचे बूट दिसतात हो. कधीतरी चेहरा बघायला मिळाला असता तर..."

"तर काय?"

"...तर डाळीत मीठ नीट पडलं असतं."

मी हसले आणि तोल गेला. दोघंही भिंतीवर आदळलो. त्याचा हात माझ्या दंडावर राहिला, क्षणभर जास्तच. मग त्याने तो काढला आणि उगाचच टोपी नीट केली.

तो भूक मारू द्यायचा नाही आणि जड होईपर्यंत खाऊही द्यायचा नाही. "अजून दोन घास जातील असं वाटलं की उठायचं," म्हणायचा. बिस्किटं बंद. झोप पुरी. रोज कालच्यापेक्षा जरासं जास्त. महिने गेले. पॅन्टला पट्टा लागायला लागला. आणि काटा? काटा ढिम्म! हलायचं नाव नाही.

"त्या काट्याला काय कळतंय?" तो म्हणाला. "त्याला चरबी काय नि स्नायू काय, सारखंच. पोटावरचं उतरलं, पाठीवर चढलं."

घरी आईने वेगळाच सूर लावला. माझ्या कुर्त्याची शिवण खांद्यावर उसवली होती. "अगं, बारीक हो म्हटलं होतं, पैलवान हो नव्हतं म्हटलं!" मी आरशासमोर दंड फुगवून दाखवला. ती कपाळाला हात लावून हसली. मला आवडायला लागले होते माझे खांदे. आणि खरं सांगू? त्या खांद्यावर रोज जो बसायचा, तोही.

पण एक गोष्ट मला खात होती. तो हलका होत नव्हता. एवढं खाल्लं, एवढं उचललं, तरी रोज तितकाच जड, उलट जास्तच! पुढच्या आठवड्यात परीक्षा आणि मी अजून शेवटच्या मजल्यावर धापा टाकत होते. शेवटी मनाशी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. नापास होऊन हसू करून घेण्यापेक्षा नाव मागे घ्यावं. साहेबांच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. साहेब राउंडला गेले होते, म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर माझा पाय घसरला. मी सावरले, पण तो सुटला आणि त्याने पायऱ्यांवर बसकण मारली. काहीतरी फाटल्याचा आवाज आला. त्याच्या डांगरीच्या खिशातून पांढरं काहीतरी भुरभुर सांडायला लागलं.

मी बोट लावून चाखलं. मीठ!

दुसरा खिसा चाचपला. मिठाची पुडी. पाठीच्या खिशात पुडी. पायांच्या खिशांतही पुड्या.

"हे काय आहे?"

त्याचा चेहरा पडला. "अहो, ऐका तर..."

"किती दिवस चाललंय हे?"

"दर आठवड्याला... एक पुडी वाढवत होतो."

माझं टाळकंच सरकलं. "मला वाटलं मला जमतच नाहीये! काल नाव मागे घ्यायला गेले होते मी, माहितीये? मी पास झाले तर बंदराला जाणार, हे तुला ठाऊक आहे. म्हणून चाललं होतं का हे? मी इथेच राहावं, फोनवर, तुझ्या कँटीनसमोर?"

तो उठून उभा राहिला. मीठ पायऱ्यांवरून सांडत होतं आणि त्याने ते थांबवलंही नाही.

"तुम्ही इथेच राहावं असं मला वाटतं," तो म्हणाला. "रोज वाटतं. सकाळी तुमच्या खांद्यावर असताना तर फार वाटतं. खोटं कशाला बोलू? पण नापास होऊन राहिलेल्या तुम्ही मला नको आहात. ताईच्या वस्तादांनी तिला असंच न सांगता वजन वाढवून दिलं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही आधीच धसका घेतला असता. मला वाटलं, असं तयार करावं की कुणी तुम्हाला अडवूच शकणार नाही. मग तुम्ही गेलात तरी चालेल... म्हणजे चालणार नाही. पण जा."

माझा राग कुठच्या कुठे गेला. डोळे भरून आले आणि मला त्याचाही राग आला.

"नाव मागे घेतलं असतं तर, मूर्खा?"

"चुकलं माझं. तुम्ही हरायला निघालात हे मला कळलं नाही. तुम्ही तशा वाटतच नाही."

मी डोळे पुसले. "झाडू आण," म्हटलं. "आणि उद्या रिकाम्या खिशांनी ये."

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन वरून खाली आले आणि मला दमच लागला नाही. आवारात पोचल्यावरही मी त्याला खाली ठेवलं नाही. तोही उतरवा म्हणाला नाही.

परीक्षेच्या दिवशी खिडकीतून पोट न अडकता गेले, बरगड्या थोड्या घासल्या. आत काळोख, धूर, आणि कोपऱ्यात नव्याने शिवलेला बाहुला. उचलला आणि मोठ्याने म्हणाले, "हात्तिच्या! एवढाच?" खाली आले तर पोरं शिट्ट्या मारत होती. साहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले, एक तारखेला बंदरावर हजर व्हा.

मी तशीच, तोंडाला काजळी, कँटीनमध्ये गेले. तो बटाटे सोलत होता.

"पास," मी म्हणाले.

"माहीत होतं." तो हसला, पण मान वर केली नाही. "कधी जायचं?"

"एक तारखेला."

"छान..." बटाट्याचं साल कधीच संपलं होतं, तरी तो सोलतच राहिला. "तिकडच्या कँटीनला आचारी आहे का?"

"आहे. हाताला चव आहे म्हणे."

"बरं झालं. जेवणाची आबाळ व्हायला नको."

"नवरा नाहीये मात्र."

"कुणाला?"

"मला. इथेही नाही आणि तिथेही नाही."

बटाटा घरंगळत माझ्या बुटापाशी आला. मी उचलला, त्याच्या हातात दिला, आणि हात सोडला नाही. त्याच्या बोटांना बटाट्याचा ओलावा होता आणि माझ्या बोटांची काजळी त्याला लागत होती. एवढ्या महिन्यांत या माणसाने मला 'बाई' आणि 'तुम्ही' सोडून कधी हाक मारली नव्हती.

"इथला महिना भरला की येतो," तो म्हणाला. "तू हो पुढे."