पावसाचं कलम

"थांबा! अवो सायकलवाले, थांबा म्हणते न्हवं!"

शहापूरच्या विणकर आळीत सकाळच्या पारी सायकल हाणत यायचं नसतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्या वेळी गल्लीभर ताणे पसरलेले असतात. साडीचं उभं सूत या लाकडी घोडीपासून त्या घोडीपर्यंत ताणायचं, त्याला खळ लावायची, कुंच्यानं विंचरायचं आणि वाळवून मागावर पाठवायचं. याला म्हणतात पांजणी. पांजणी चुकली की ती साडी काशीच्या विणकराच्या हातात दिली तरी सुधारायची नाही. पण हे बेळगावच्या रविवार पेठेतल्या माणसाला कुणी सांगावं? त्यात पौषातलं धुकं असं दाटलेलं, की समोरचा माणूस दिसेना.

त्यानं ब्रेक दाबला, सायकल घसरली, ताणा वाचला... आणि काळा कोट घातलेला तो तरणा गडी थेट खळीच्या घमेल्यात जाऊन बसला.

दुर्गा कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "ताणा तुटला असता म्हंजे?"

"माणूस पडलाय," तो खालूनच म्हणाला, "ते दिसत न्हाय व्हय?"

"दिसतंय की. पडलेला माणूस आपला आपण उठतोय. तुटलेला ताणा उठत न्हाय."

आळीत हशा पिकला. तो उठला. कोटाच्या पाठीवरून खळ ओघळत होती. "आता ह्या कोटाचं काय करू?"

"वाळू द्या. वरीसभर इस्त्री मागायचा न्हाय."

तोही हसला. पण एक गोष्ट दुर्गाच्या नजरेतून सुटली नव्हती. पडल्यापडल्या त्यानं आधी ताण्याकडं बघितलं होतं, कोटाकडं मागनं. विणकराचंच रक्त दिसतंय, ती मनात म्हणाली.

आणि होतंही तसंच. तो जोतिराम. रविवार पेठेतले साडीचे बडे व्यापारी मारुतीराव, त्यांचा भाचा. मारुतीरावांचा बाप वडगावात मागावर बसायचा; दुकान थाटल्यावर मारुतीरावांनी मागाकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. भाचा कॅम्पातल्या शाळेत मॅट्रिक झाला, आता दुकानाचे करारमदार लिहायचा. आणि त्या दिवशी तो करार घेऊन आला होता तो दुर्गाच्याच घरी. तिचा बाप आण्णाप्पा म्हणजे पांजणीतला देवमाणूस. पण व्यवहाराचं बोलणं निघालं की त्याची दातखीळ बसायची. मग एकच वाक्य, "दुर्गीला इचारा."

तेव्हा दुर्गा कट्ट्यावर बसली आणि जोतिराम समोर उभा राहून वाचू लागला. बसता येत नव्हतं बिचाऱ्याला, कोट ओला! करारात दुकान होतं 'लिहून घेणार' आणि आण्णाप्पा 'लिहून देणार'.

"पांजणीच्या दोषानं ताणा मागावर तुटल्यास लिहून देणार यांनी तो पदरमोड करून पुन्हा पांजून द्यावा..."

"कबूल."

"जरा इचार तरी करा."

"इचार कशाला? आप्पांच्या हाताखालनं गेलेला ताणा तुटत न्हाय. अख्ख्या शहापुरात इचारून या. फुडं वाचा."

"पावसानं ताणा भिजल्यास नुकसानी लिहून देणार यांनी सोसावी..."

"का? पाऊस आमी बोलावतो?"

"मग मामा बोलावतात?"

"दोघंबी बोलावत न्हाय. मग पाऊस आला तर दोघांनी मिळून ताणा उचलायचा. लिवा तसं."

"मामा? ताणा उचलणार?" जोतिरामला हसू आवरेना.

"ताणा त्यांचाच हाय न्हवं?"

त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. पुढचं कलम तंट्याचं होतं, तंटा पडल्यास बेळगावच्या कोर्टात जावं. दुर्गानं नाक मुरडलं. रेल्वेचं फाटक ओलांडलं की बेळगाव इंग्रजाचं आणि अलीकडं शहापूर सांगली संस्थानचं. आम्ही संस्थानची माणसं, इंग्रजाच्या कोर्टाची पायरी का चढावी?

"मग सांगलीला जायचं?" तो म्हणाला. "जाऊन येईस्तवर साडी जुनेर हुईल."

"मग कुठंच जायाचं न्हाय. तंटा झाला तर दोघांनी ह्याच कट्ट्यावर समोरासमोर बसून बोलायचं."

"दोघांनी म्हंजे... मामांनी आणि आप्पांनी?" त्यानं हळूच विचारलं. "का...?"

"जो वाचतोय आणि जी ऐकतीय, त्यांनी!" तोंडातून गेलं खरं, आणि दुर्गाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वाचा की फुडं! ताणा वाळायला लागलाय."

त्यानं शेवटचं कलम वाचलं. करार चालू असेतोवर लिहून देणार यांनी दुसऱ्या कुणाचंही पांजणीचं काम घेऊ नये.

दुर्गाचा चेहरा बदलला. "हे खोडा."

"हेच तर मामांचं मुख्य कलम हाय."

"ते दिसतंयच. शेजारी नागुबाई हाय. नवरा गेला तरी माग थांबू दिला न्हाय तिनं. पल्याड भावकू हाय. समदी आळी आमच्याकडनं पांजून नेती. आमी न्हाय म्हटलं की त्यांचे माग बंद. मग ती माणसं कुठं जातील? तुमच्या मामांच्या दारात, मजुरीला. व्हय का न्हाय?"

जोतिरामनं मान खाली घातली. "व्हय."

"तुमी सही केली असती ह्याच्याखाली?"

तो करारनाम्याची घडी घालत वळला. सायकल हातात धरून चालतच गल्लीबाहेर गेला.

करार ठरेपर्यंत चाचणी म्हणून दुकानाचे ताणे आण्णाप्पाकडं येऊ लागले. पाडव्यानंतर काय ते पक्कं करायचं, असं मारुतीरावांनी सांगून पाठवलं. आणि ताण्यांच्या मागोमाग जोतिरामही येऊ लागला. गल्लीच्या तोंडाला उतरायचा, सायकल भिंतीला लावायचा आणि कट्ट्यापाशी येऊन घसा खाकरायचा.

"तंटा उपस्थित झालाय."

"आता कसला?"

"'ताणे वेळेवर द्यावेत' असं लिवलंय. वेळेवर म्हंजे कवा, ते ऱ्हायलंय."

"ऊन चढायच्या आत."

"आणि ऊन चढलंच न्हाय तर?"

"तर तुमी चढा छपरावर आणि बोलवून आणा!"

नागुबाई मागावरनंच ओरडायची, "आरं, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस रं?" जोतिराम कानापर्यंत लाल व्हायचा. दुर्गा कुंचा जोरात फिरवायची, जणू काही ऐकलंच नाही.

मग एक दिवस ताण्याचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हतं, तर त्यानं कोट काढून धरलं. पुढं ते रोजचंच झालं. पसरलेल्या सुताच्या पलीकडं तो, अलीकडं ती. धाग्यांच्या फटीतून त्याचे डोळे दिसायचे; तिनं बघितलं की खाली जायचे, तिनं मान वळवली की पुन्हा वर. खळीचा आंबूस वास एरवी तिच्या गावीही नसायचा. आता तो वास आला की छातीत उगाच धडधडायचं. बाई गं, हे काय होऊन बसलं!

पण कलम तिथंच होतं.

"खोडलं का ते?" ती रोज विचारायची.

"सांगतो मामांस्नी."

"कवा?"

"...सांगतो."

माणूस सोन्यासारखा आहे, ती स्वतःशी म्हणायची, पण खळ अजून बसली नाही त्याच्यावर.

पाडवा झाला. त्या दिवशी संध्याकाळी आण्णाप्पा लेकीजवळ येऊन बसला. "दुर्गे, दुकानाचं काम गेलं तर ओढाताण हुईल. पन नागूच्या ताण्याला मी न्हाय कसं म्हणू? तिच्या सासऱ्यानं मला कुंचा धराय शिकिवलं."

"म्हणूच नका, आप्पा."

"आणि तो पोरगा? करार मोडला तर त्येचं येणंबी मोडलं. तुला तो आवडतोय, मला ठावं हाय."

"त्येचा हितं काय संबंध?" ती फटकन म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली. संबंध होता. सही केली असती तर जोतिराम रोज आला असता. पण मग आळीतल्या माणसांसमोर मान वर करून तिला चालता आलं नसतं. आणि मान खाली घालून मिळालेला नवरा तिला नको होता.

दुसऱ्या दिवशी मारुतीराव स्वतः टांग्यातून उतरले. जरीकाठी उपरणं, पायात कोल्हापुरी जोडा, मागं जोतिराम. आभाळ सकाळपासून कोंदलेलं होतं, म्हणून दुपार कलली तरी दुकानाचा ताणा गल्लीतच वाळत होता. पाडव्यानंतरच्या लग्नसराईचा, निवडक सुताचा, मारुतीरावांचा लाडका ताणा.

"सही करा आण्णाप्पा," मारुतीराव म्हणाले. "न्हाय तर उद्यापासनं ताणे बंद. गिरणीचं पांजलेलं सूत तयार हाय माझ्याकडं."

दुर्गा पुढं होणार, तेवढ्यात आण्णाप्पाच उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्यानं 'दुर्गीला इचारा' म्हटलं नाही.

"न्हाय जमायचं, मालक. ही आळी माझी हाय."

दुर्गाची छाती अभिमानानं भरून आली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिनं जोतिरामकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्यानं करारनामा कट्ट्यावर ठेवला, खिशातली दौतटाक काढली.

"मामा, हे कलम मी माझ्या हातानं लिवलंय. चुकीचं लिवलंय. मीच खोडतोय." आणि त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"गाढवा! माझ्या घरात ऱ्हातोस, माझं मीठ खातोस..."

"खातोय म्हणूनच सांगतोय. परक्याला सांगितलं नसतं."

मारुतीरावांचा हात उगारला गेला, आणि नेमका त्यावर टपोरा थेंब पडला. मग दुसरा. वडगावच्या बाजूनं वळीव धावत येत होता.

"ताणा!" दुर्गा किंचाळली.

आळीतली मागांची खटखट एकाएकी थांबली. घराघरातून माणसं बाहेर पडली. नागुबाई, भावकू, हातातला मागाचा धोटा तसाच घेऊन आलेल्या बाया, दाढी अर्धी राहिलेला एक म्हातारा! कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पाऊस आला की ताणा कुणाचा ते आमच्याकडं विचारत नाहीत. दुर्गा आणि जोतिरामनं मधला भाग पेलला, आण्णाप्पानं पुढची बाजू धरली. पण मागची घोडी कलंडली, ताण्याला झोल पडला आणि सूत चिखलाला टेकणार...

तेव्हा उपरणं फेकून, जोडा तिथंच टाकून मारुतीराव धावले. त्यांनी घोडी खांद्यावर घेतली आणि आपल्या विणकर बापासारखे ओरडले, "ढील देऊ नगा रं! सरळ चला! सरळ!"

ताणा सरळ नागुबाईच्या लांब मागघरात गेला. एक धागा तुटला नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, आत सगळी आळी निथळत होती, आणि मारुतीराव खळीनं माखलेल्या आपल्या हातांकडं बघत उभे होते.

"मालक," नागुबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "गाव करी ते राव न करी, म्हणत्यात ते खोटं न्हाय."

"माझा बा असाच वरडायचा," मारुतीराव म्हणाले. "आज ज्यांचे माग बंद कराय आलतो, तीच माणसं माझा ताणा वाचवाय धावली. त्या कलमावर रेघ मारलीस ती बरी केलीस, जोत्या. आणि ते पावसाचं कलम काय हाय?"

"पाऊस आल्यास दोघांनी मिळून ताणा उचलावा."

"ऱ्हाऊ दे तसंच. आण तो टाक इकडं." आणि ओल्या हातानं त्यांनी सही केली. मग आण्णाप्पानंही केली.

पाऊस आला तसा गेला. टांगा फाटकाकडं वळला, जोतिराम मागं राहिला. कट्टा पुसून तो दुर्गासमोर बसला. पहिल्यांदाच बसला.

"तंटा उपस्थित झालाय," तो म्हणाला.

"करार झाला की! आता कसला तंटा?"

"ते खोडलेलं कलम... वाया जाऊ नये असं वाटतंय. दुसऱ्या कुणाकडं जायाचं न्हाय, ते. माझ्या नावावर घाला. लिहून देणार, मी. लिहून घेणार..." तो अडखळला.

"शाई संपली?"

"धाडस संपलं. आज लई खर्च झालंय."

दुर्गा हसली. "मुदत किती?"

"घातली न्हाय."

"आणि माझ्यावर कलम कोणतं?"

"एकबी न्हाय."

"मग माझं मीच सांगते. मी पांजणी सोडणार न्हाय. बेळगावात नांदाय आले तरी रोज सकाळी फाटक ओलांडून ह्या आळीत येणार, समद्यांचे ताणे पांजणार. कबूल?"

"कबूल. मी सायकलवर सोडीन."

"तुमच्या सायकलवर?"

"गल्लीच्या तोंडाला उतरीन की!"

"मग... कबूल," ती म्हणाली. यावेळी तिनं नजर खाली घातली नाही.

ऊन पडलं होतं. ताणा पुन्हा पसरायला हवा होता. एक टोक दुर्गानं घेतलं, दुसरं घेऊन जोतिराम गल्लीच्या पार त्या टोकाला गेला.

"ढिला पडतोय!" ती ओरडली. "घट्ट धरा!"

"धरलंय!" तोही तिकडनं ओरडला. "सोडायचं कलमच न्हाय!"

सगळ्या आळीनं ऐकलं. कुणीतरी शीळ घातली, नागुबाईनं दोन्ही हातांनी लांबूनच दुर्गाची अलाबला घेतली आणि आण्णाप्पा उगीचच घमेल्यातली खळ ढवळत बसला. दुर्गानं आपलं टोक घोडीला अडकवलं, पदर खोचला, कुंचा उचलला आणि ताणा विंचरत विंचरत, आळीच्या देखत, ताठ मानेनं ती त्याच्या टोकाकडं निघाली.