कानामागची नस

मी शरीररचनाशास्त्र शिकवतो. माणसाच्या अंगात काय कुठे असतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, आणि त्याचा मला थोडा ताठाही आहे. माझी मुलगी माझ्याच वर्गात शिकते. घरी मी बाबा, कॉलेजात न चुकता सर.

यंदा तोंडी परीक्षेत पहिल्याच मुलाने कानामागची एक नस सांगितली. आपली माणसं ओळखायला ती लागते म्हणे. मला हसू आलं.

"कुठल्या पुस्तकात वाचलंस हे?"

"चॅटबॉटने सांगितलं, सर."

पुढच्या मुलीने तेच सांगितलं. तिच्या पुढच्यानेही, शब्दाला शब्द. पुस्तकं कुणी उघडलीच नव्हती. शेवटी माझी मुलगीही तेच बोलली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांना नापास केलं, तिलासुद्धा.

"पण ती नस आहे, सर," ती म्हणाली. "चला, दाखवते."

डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मलिन डोळ्यांना झोंबत होतं. टेबलावरच्या म्हाताऱ्याच्या प्रेताचं डोकं तिने एका अंगाला वळवलं, कानामागची कातडी बाजूला केली आणि चिमट्याने एक पांढरा धागा अलगद उचलला. याच जागी मी वर्षानुवर्षं मुलांचे हात धरून सुरी चालवायला शिकवलं आहे. तिथे काही नव्हतं. आता होतं.

"असेल कसलातरी तंतू," मी म्हणालो.

"सगळ्या टेबलांवर आहे, सर."

माझ्या स्वतःच्या कानामागे एक गाठ होती, साधीच. ती काढायचा दिवस आधीच ठरलेला होता आणि सर्जन माझाच जुना विद्यार्थी. घरून निघताना मुलगी दारात आडवी आली.

"बाबा, ती नस कापू देऊ नका हं."

लहानपणी सायकलवरून पडली होती, त्याचा व्रण तिच्या भुवईवर आहे. घाबरली की तो लाल होतो. त्या दिवशी लालभडक झाला होता.

भूल फक्त कानापुरती दिली होती. सुरी मध्येच थांबलेली मला कळली.

"सर, इथे एक नस दिसतेय. पुस्तकात नाही ही. सोडून देऊ?"

मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? पण हो म्हटलं असतं, तर आजवर शिकवलेलं सगळंच पाण्यात गेलं असतं.

"अशी नस माणसाला नसते," मी म्हणालो. "काप."

जराही दुखलं नाही.

नंतर खाटेशेजारी एक मुलगी येऊन बसली. तिच्या भुवईवर लाल व्रण होता, माझ्या मुलीला आहे तसाच. तिने "बाबा" म्हणून माझा हात धरला. मी नुसता बघत राहिलो.

"सर?" ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. कुणीतरी विद्यार्थिनी असणार.

"बाहेर माझी मुलगी थांबली असेल," मी म्हणालो. "तिला जरा आत पाठवतेस का?"