पाहुणे ज्याला हात करतात

ही गोष्ट खरी आहे. मेला तो माझा पाठचा भाऊ, आणि सख्ख्या भावाच्या मरणावर कोणी कहाण्या रचत नाही.

जागा अरबी वाळवंटातल्या बिदिया गावाच्या दक्षिणेची वाळू. दिवस नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. वेळ सूर्य बुडून थोडा वेळ झाल्याची.

रात्री बाराच्या ठोक्याशिवाय ज्याला भूत पटत नाही, त्यानं पुढे वाचू नये. आमच्याकडे जे येतं ते उन्हं उतरताना येतं. चारचौघांत येतं.

आणि लोक त्याला हसून हात करतात...

झायना माझी भावजय. त्याच भावाची, मुसल्लमची बायको. सफरीच्या वाटेवर तिची खजुराच्या झावळ्यांची झोपडी आहे. तिचा एकुलता एक मुलगा शुवैन, वय सव्वीस, परदेशी पाहुण्यांना संध्याकाळी वाळूत फिरवतो.

संध्याकाळची सफर कशी असते ते झायनाला गाडीत न बसताही पाठ होतं. गावातल्या पंक्चरवाल्याकडे टायरांतली हवा कमी करायची. मग गाडी टेकड्यांवर तिरकी घालायची. पाहुणे किंचाळतात, न किंचाळले तर पोरगा नीट चालवत नाही असं समजायचं. मग टेकडीच्या उंच धारेवर थांबून सूर्य बुडताना बघायचा. जणू त्यांच्या गावी तो बुडतच नाही. आणि परतताना बदूंच्या, म्हणजे आम्हा वाळूतल्या भटक्यांच्या, घरी कॉफी नि खजूर.

ते बदूंचं घर म्हणजे झायनाची झोपडी. तोंडावर बुरखा, हातात कॉफीची किटली, समोर विणलेल्या पट्ट्या नि मोजे मांडलेले. पाहुणे फोटो काढतात. ती काढू देते.

मुसल्लमला हे कधी आवडलं नाही. म्हणायचा, "घर आहे की जनावरांचा बाजार?"

तो एप्रिलच्या शेवटी गेला.

हरवलेली सांडणी शोधायला निघाला होता. दूर आत त्याच्या गाडीचा आस तुटला. पाणी संपलं. तिसऱ्या दिवशी सापडला, सफरीच्या वाटेपासून दोनच टेकड्यांवर.

पायांत मोजे होते. काळ्या लोकरीचे. तापल्या वाळूत आमची माणसं तेच घालतात. झायनानंच विणलेले. डावी टाच विरली होती, तिथं तिनं जाड गाठ मारून ठिगळ भरलं होतं. ते मोजे तिनं झटकून, धुऊन पेटीत ठेवले.

पोलीस म्हणाले, उन्हानं गेला.

सगळ्या गाडीवाल्यांना विचारलं. कोणी पाहिलं का? कोणी नाही. शुवैन म्हणाला, "मी त्या दिवशी पूर्वेच्या वाटेनं गेलो होतो, आई."

आमच्या घराण्याला माग वाचता येतो. माणूस कुठून आला, थकला होता का, ओझं होतं का, सगळं वाळू सांगते. पण त्या तीन दिवसांत वारा असा सुटला होता की वाळूनं तोंड मिटून घेतलं.

सहा महिने गेले. पाहुण्यांचा मोसम सुरू झाला.

आणि तो गुरुवार आला.

झोपडीत चार पाहुणे होते. एक पिकल्या केसांची गोरी बाई भलतीच खुशीत होती. झायनाला काहीतरी सांगत होती. कळेना, तशी बाईनं गळ्यातली ओढणी काढली...

डोक्यावर धरली...

आणि गोल, गोल फिरवली.

झायनाच्या हातातली किटली तशीच राहिली.

आमच्या वाळूत नुसता हात वर केला तर तो सलाम. मुंडासं सोडून डोक्यावर गोल फिरवलं तर त्याचा अर्थ एकच... पाणी संपलं, मी संपलो, या. ती खूण बघून न थांबणाऱ्याच्या घरी आम्ही पाणीसुद्धा पीत नाही.

"काय म्हणते रे ती?" तिनं दारातल्या शुवैनला विचारलं.

"काही नाही. धारेवर कोणी म्हातारा होता म्हणे. हात करत होता. यांनीपण केला."

"कोण म्हातारा?"

"असेल कोणी उंटवाला. मी गाडी चालवू का म्हातारे मोजू?"

"हात करत होता, का मुंडासं फिरवत होता?"

शुवैननं किटलीकडे बोट केलं.

"कॉफी सांडतेय, आई," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुसरे पाहुणे. एका तरुणानं टोपी काढून फिरवून दाखवली.

तिसऱ्या दिवशी कोणी टॉवेल फिरवला.

एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं. वेगळ्या देशांची. सगळ्यांना तोच दाढीवाला म्हातारा. सगळ्यांची तीच खूण. आणि सगळे हसत होते. त्यांना वाटत होतं, म्हातारा या म्हणतोय!

झायना माझ्याकडे आली. "वन्सं, मला भीती वाटते."

मी म्हटलं, "संध्याकाळची कॉफी कमी पी. या वयात डोक्यात चढते."

जीभ माझी. काय करू? पण ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "मग उद्या पहाटे या. दाराशी रोज माग उमटतो, तो दाखवते."

पहाटेच्या नमाजानंतर गेले. शुवैनची गाडी झोपडीमागे उभी होती. रात्री वारा नव्हता. वाळू परातीतल्या पिठासारखी सपाट.

त्यावर एक माग.

मोज्यांचा.

उजवा पाय सरळ. डावा जरा ओढत टाकलेला. आणि डाव्या टाचेखाली प्रत्येक पावलात एक खळगा... गाठीएवढा.

ज्याला मी कडेवर वागवला, त्याचं पाऊल मी ओळखणार नाही?

माग दक्षिणेकडून येत होता. गाडीच्या दारापाशी येऊन थांबला होता. शुवैन बसतो त्या बाजूच्या. तिथं वाळू दाबली गेली होती. कोणीतरी बराच वेळ उभं होतं.

परत गेल्याचा माग नव्हता.

आम्ही दोघींनी पेटी उघडली. मोजे घडी घालून ठेवले होते तसेच होते. झायनानं डावा उचलला. आतून वाळू गळली. मूठभर.

नोव्हेंबरच्या पहाटे वाळू गारठते. पाय ठेववत नाही.

ही वाळू... गरम होती.

त्या संध्याकाळी झायना गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "आज मीपण येते."

"तू?" शुवैन हसला. "तुला गाडीत उलट्या होतात."

"झाल्या तर तुझ्याच गाडीत होतील. दार उघड."

ती पुढे बसली. मागे पाहुणे, नवरा-बायको आणि बायकोची बहीण. गाडी टेकड्यांवर चढली, उतरली. मागे किंचाळणं, हसणं. झायना वाळूकडे बघत नव्हती. ती मुलाकडे बघत होती.

शेवटच्या धारेच्या आधी एक खोलगट जागा लागते. गाडी तिथं आली...

आणि शुवैननं मान डावीकडे वळवली.

डाव्या बाजूला काही होतं म्हणून नव्हे. अजून काहीच झालं नव्हतं. मागे कोणी बोललं नव्हतं. त्यानं आधीच तोंड फिरवलं. हातानं वरचा आरसासुद्धा खाली वळवला.

मग मागे पाहुणे ओरडले. तिघांनी उजवीकडे हात हलवले.

झायनानं उजवीकडे पाहिलं.

धार रिकामी.

वारा नव्हता. पण धारेवर एकाच ठिकाणी... डोक्याएवढ्या उंचीवर... वाळू गोल फिरत होती.

"थांब," ती म्हणाली.

त्यानं गाडी आणखी जोरात सोडली. "सूर्य जाईल, आई!"

"तेव्हाही हेच म्हणाला होतास?"

त्यानं पुढच्या धारेवर गाडी उभी केली. पाहुणे उतरले, फोटो काढायला पळाले. आई नि मुलगा गाडीतच बसून राहिले. समोर सूर्य लाल झालेला.

"पूर्वेची वाट खोटी होती," झायना म्हणाली.

"हो."

"ते तुझे बाबा होते, हे कळलं होतं?"

"मुंडाशावरून कळलं."

"आणि खूण? ती तर मीच शिकवली होती तुला. तू चालायला लागायच्या आधी."

शुवैन स्टेअरिंगवर कपाळ टेकून बोलू लागला. "आठवडाभर आधी मीच बाबांना म्हटलं होतं. संध्याकाळी त्या धारेवर उभे राहत जा, मुंडासं फिरवा, पाहुण्यांना जुन्या बदूंचा फोटो मिळेल. बाबा थुंकले. म्हणाले, तहानेची खूण मजेखातर करत नसतात, गाढवा. त्या दिवशी ते दिसले... मला वाटलं, ऐकलं शेवटी म्हाताऱ्यानं. पाहुणे खूश झाले. सगळ्यांनी हात केला."

त्यानं कपाळ उचललं.

"मीपण केला, आई. हॉर्नसुद्धा वाजवला."

काचेबाहेर पाहुणे हसत होते.

झायनाला आता सगळं दिसलं. वाटेच्या इतक्या जवळ कशाला आला होता मुसल्लम? ती वेळ त्याला ठाऊक होती. ती वाट ठाऊक होती. गाडी कोणाची ते ठाऊक होतं. होता नव्हता तो जीव गोळा करून तो त्या धारेवर चढला होता, कारण तिथून त्याचा मुलगा जाणार होता.

आणि मुलगा गेला. हॉर्न वाजवून.

झायना गरीब बाई. चाळीस वर्षांत तिचा चढा आवाज मी ऐकला नाही. त्या संध्याकाळीही ती हळूच बोलली.

"तुला तहान लागेल तेव्हा तुझ्यापाशीही कोणी न थांबो."

सूर्य बुडाला.

म्हणाली, आणि तिथंच तिनं स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. वाळूत सांडलेलं पाणी भरता येतं का? आईचा शब्द तसाच.

पुढे आम्ही जे करायचं ते सगळं केलं. मौलवींना बोलावून पठण केलं. बोकड कापून वाटला. त्या धारेवर पाण्याची कातडी पिशवी टांगली. ती रोज भरलेली असते नि दुसऱ्या संध्याकाळी रिकामी. उन्हानं आटत असेल. मी तसंच म्हणते.

मी शुवैनला म्हटलं, "सोड ती गाडी. उंट राख, मासे विक, काहीही कर."

"मी गेलो नाही तर त्यांच्यापाशी थांबणार कोण, आत्या?"

मी उठून त्याचा पाण्याचा डबा भरून दिला.

आता तो रोज त्या खोलगट जागेत थांबतो. इंजिन बंद करतो. खाली उतरून उभा राहतो. त्याला दिसत नाही कोणी. म्हणतो, "पण तिथं आलं की मान आपोआप वळते. कोणीतरी हनुवटी धरून वळवल्यासारखी."

पाहुणे मात्र हात करतात. रोज.

झायनाच्या दाराशी तो माग पुन्हा आला नाही. आम्हांला वाटलं, चला, मुसल्लम शांत झाला.

मग मार्च उजाडला.

झोपडीत पाहुण्यांची एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची. दात पडलेली, बडबडी. झायनानं तिच्या हातावर मेंदी काढायला घेतली. मुलगी दक्षिणेकडे बोट दाखवून सांगू लागली. भाषा कोणाला येत होती? मी तिथंच खजूर निवडत बसले होते. मी सगळं पाहिलं.

मुलीनं एक बोट वर केलं. हनुवटीखाली हात नेऊन लांब दाढी दाखवली. मग दोन्ही हात बाजूला सोडून ताठ उभी राहिली. म्हणजे म्हातारा. नुसता उभा होता. काही फिरवत नव्हता.

झायनानं सुस्कारा सोडला.

मग मुलीनं दुसरं बोट वर केलं.

दोन.

या दुसऱ्याला दाढी नव्हती. मुलीनं माझ्यापुढचं फडकं उचललं, डोक्यावर धरलं...

आणि गोल फिरवू लागली. जोरजोरात. हसत हसत.

मेंदीचा कोन झायनाच्या हातातून पडला.

मुलगी थांबली. इकडेतिकडे पाहिलं. दारात शुवैन उभा होता, पाहुण्यांना चला म्हणायला आलेला.

तिनं बोट त्याच्याकडे केलं.

मग वाळूकडे.

शुवैन हसला. म्हणाला, "काय म्हणते ही चिमणी?"

आम्ही दोघींनी सांगितलं, काही नाही.

अजून सांगितलेलं नाही. झायना त्याच्या गाडीत पाण्याचे डबे भरते, सीटखाली, टपावर, पाय ठेवायला जागा उरत नाही एवढे. तो चिडवतो, "आई, मी वाळूत चाललोय का समुद्र घेऊन?" ती आणखी एक डबा आत सरकवते. मी तिला म्हणते, मूल होतं ते, मुलं काहीही बघतात. ती माझ्याकडे नुसती बघते. संध्याकाळची कॉफी मीही सोडली आहे.

आज एप्रिल संपत आला. गेल्या वर्षी याच दिवसांत मुसल्लम निघाला होता.

आज पाहुणे नाहीत. तरी शुवैन गेला. म्हणाला, "पिशवी भरून येतो, अर्धा तास."

सूर्य बुडून गेला आहे. झायना दाराबाहेर उभी आहे, पाठ माझ्याकडे. दक्षिणेला गाडीचे दिवे दिसायला हवेत.

अजून दिसले नाहीत.

येईल. वाटेत हवा भरायला थांबला असेल.

फक्त एक आहे... मघापासून झायनानं उजवा हात वर केला आहे. कोणाला ते मला दिसत नाही. आणि तो हात ती खाली घेत नाही.