टिटवीला वाचता येत नाही

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही टिटवी आहात. डोक्यावर ऐटदार तुरा, पोटाखाली चार अंडी आणि भोवती फ्रिसलँड नावाच्या दूरच्या मुलखातलं ओलं, हिरवंगार कुरण. तुमचं घरटं म्हणजे गवतातला नुसता खळगा. पण अंडी मातीच्याच रंगाची, म्हणून ती कुणाला दिसत नाहीत. आणि एका सकाळी कुणीतरी येतं, अन् तुमच्या उशाशी ठाक ठाक करत पाटी ठोकतं!

राग आला ना? हिस्केलाही आला.

गवत कापायच्या यंत्राखाली घरटी चिरडली जाऊ नयेत म्हणून हिस्के दर वसंतात कुरणं पालथी घालायची. घरट्यापासून थोडं लांब, दोन बाजूंना दोन बारीक काठ्या रोवायची. काठ्या दिसल्या की शेतकरी यंत्र वळवून नेतो. तिच्या गावची ही जुनी रीत.

त्या सकाळी तिनं लांब बांबू चराच्या पाण्यात टेकवला, झोका घेतला... आणि पलीकडे उतरली ती थेट हातोडा धरलेल्या एका तरुणासमोर.

"थांबा! काय चाललंय हे?"

"पाटी लावतोय," तो दचकून म्हणाला. "आणि तुम्ही... आभाळातून पडलात?"

"चरावरून आले. कसली पाटी?"

"देणगीदाराच्या नावाची. जो पैसे देतो, त्याला आपलं घरटं बांधावरून ओळखता यायला हवं ना? मी वोबे, सुतार. पावसानं रंग उडू नये म्हणून वर छप्परही केलंय बघा."

"छप्पर! वा! म्हणजे कावळ्याला खास बैठक!"

वोबे हसला. पण तेवढ्यात पलीकडच्या पाटीवर खरंच एक कावळा येऊन बसला. त्यानं मान वाकडी करून खाली पाहिलं, झेप घेतली आणि चोचीत अंडं धरून उडाला. दोन टिटव्या आकांत करत त्याच्यामागे धावल्या.

वोबेचं हसू मावळलं.

"टिटवीला वाचता येत नाही हो," हिस्केनं पाटीकडे बोट दाखवलं. "कावळ्याला मात्र बसता येतं. आमच्या काठ्या उगाच बारीक असतात का? त्यांच्यावर त्याचा पाय ठरत नाही!"

तिनं तिथूनच, या देणग्या गोळा करणाऱ्या पक्षिमंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. ते गरजले, "शनिवारी देणगीदार येणार आहेत. नाव दिसलं नाही तर पैसे कोण देईल? आणि त्या पैशांतून भरपाई मिळाली नाही, तर शेतकरी पिल्लं निघेपर्यंत कापणी लांबवेल का? पाटीला हात लावलात, तर पुन्हा कुरणात पाऊल टाकायचं नाही!"

"म्हणजे पाटी ठेवली तर कावळा, काढली तर यंत्र," हिस्के दात-ओठ खात म्हणाली. "छान दान आहे!"

दुसऱ्या दिवशी ती कावळे हाकायला बांधावर आली, तर वोबे आधीच तिथे. हातात कॉफीचा थर्मास आणि साखरेचा पाव.

"तुम्हाला सारखाच राग येतो?" त्यानं हळूच विचारलं.

"छे. मध्ये मध्ये झोपते मी."

"रागावलात की वाऱ्यानं तुमच्या केसांचा तुरा उभा राहतो... अगदी टिटवीसारखा."

"तुम्ही आपलं लाकडाकडे बघा." असं म्हणाली खरी, पण तुरा सावरताना तिचे कान लाल झाले होते.

दोघांनी घसा बसेपर्यंत कावळे हाकले. तरी घरटी एकामागून एक रिकामी होत गेली. शनिवारी उरलं एकच. ते वोबेच्या भाचीच्या पाटीशेजारचं. फरदाऊ तिचं नाव. वाढदिवसाला मिळालेले सगळे पैसे तिनं टिटवीला दिले होते.

देणगीदार बांधावर जमले. अध्यक्षांनी भाषण सुरू केलं, "आपल्या नावांनी हे कुरण आज कसं सजलं आहे..."

"सजलंय?" हिस्के ओरडली. "नावं शाबूत आहेत, अंडी कुठायत? तुम्ही टिटवीसाठी दिलंत की पाटीसाठी, ते एकदा सांगून टाका!"

एक कावळा फरदाऊच्या नावावर येऊन बसला.

"पाट्या मी केल्या," वोबे पुढे आला. "चूक माझी आहे. ही म्हणते ते खरंय."

"मामा," फरदाऊनं त्याची बाही ओढली, "पाटी काढली तर माझे पैसे परत घ्यावे लागतील?"

उत्तर हिस्केनं दिलं. "नाही गं. दिलेलं ते टिटवीचं. तुझं नाव असो, नसो."

"मग काढते ना!"

"चल. पण माझ्या पावलावर पाऊल टाकत ये."

कावळा उडाला. फरदाऊनं दोन्ही हातांनी पाटी हलवून हलवून उपटली आणि ती तिघं लगबगीनं बांधावर परतली. हो, तिघं, कारण वोबेही मागोमाग गेलाच होता. थोड्या वेळानं टिटवी धावत आली, अंग फुलवून अंड्यांवर बसली. एक म्हातारे देणगीदार खाकरले. "माझीही काढा हो. पैसे पुढच्या वर्षीही देईन."

अध्यक्षांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला.

"हिस्के," वोबे पुटपुटला, "कावळे नसले... तरी उद्या येऊ का मी?"

"साखरेचा पाव आणणार असशील तर..." ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिलाही कळलं नाही. वोबेनं तिचा हात धरला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

"हात नंतर धरा!" फरदाऊ कडाडली. "अजून कितीतरी पाट्या आहेत!"

आणि बाह्या सरसावून ती निघाली. थेट फाटकाजवळच्या सगळ्यांत मोठ्या, अध्यक्षांच्या नावाच्या पाटीकडे.