संत्र्यांच्या ढिगातली बाई

जेवणं झाली ना तुमची? मंग ठीक. जेवणाआधी सांगायची गोष्ट नाई ही.

शिवम, तू मघा विचारलं ना, सहदेवकाका, तुमी संत्रा काहून खात नाई म्हणून? सांगतो. पियुष, तो मोबाईल ठेव बाजूले. मधात हसायचं नाई, आन कोणाले भेव वाटलं तर आताच उठून जा.

मी तवा ट्रक चालवत होतो. वरूडले संत्रा भरायचा, अकोल्याच्या मंडीत उतरवायचा. माझा एक दोस्त होता, किसना. शेखरभाऊच्या बगीच्याची राखण करे. बगीच्यातच दोन खोल्या, त्यात तो, बायको सीमा आन नऊ वर्षांची पोरगी नीलम. मोठी गोड पोरगी, बाप्पा! माझा हॉर्न ऐकला का फाटकापर्यंत पळत ये.

सन दोन हजार बावीस, ऑक्टोबर. त्या साली पाणी लय झालं आन संत्र्याले गळ लागली. म्हणजे पिकायच्या आधीच माल झाडाखाली पडते. ती गळ रोज वेचायची, क्रेटात भरायची आन नाल्याकाठच्या खड्ड्यात नेऊन ओतायची. साऱ्या शिवारात एकच वास. सडका, आंबूस, घशात जाऊन बसणारा. माशा तर अशा का तोंड उघडायची सोय नाई. कोणी नाक दाबलं का दुसरा म्हणे, "गळीचा वास हाय." एवढं म्हटलं का झालं, पुढं कोणी पाहत नसे.

कोजागिरी रविवारी झाली. सोमवारी दिवस बुडताना सीमानं नीलमले सांगितलं, "बकरी सुटली वाटते, नाल्याकडून घेऊन ये." पोरगी गेली. बकरी त्या खड्ड्यातल्या ढिगावर चढून सालटं खाऊन राहिली होती. पोरीनं दोर ओढला, बकरी अडली, आन ढीग घसरला.

खालून हात निघाला. हिरव्या बांगड्यांचा.

पोरीनं काय केलं, मालूम हाय? त्या बोटांवर माशा बसल्या होत्या, त्या हाकलल्या. तिले वाटलं, बाई झोपली. आपल्या फ्राकनं तिच्या हातावरचा लगदा पुसला. मंग आणखी चार संत्री घरंगळली आन चेहरा दिसला...

चेहऱ्याचं मी नाई सांगत.

किसना टॉर्च घेऊन गेला. पाहून नाल्यात ओकला. ती तोडणीच्या टोळीतली बाई होती, धारणीकडची. फुलवंती तिचं नाव. टोळीचा मुकादम कुंदन, त्यानं तीन दिवस आधी साऱ्याइले सांगितलं होतं का भांडून जीपनं गावाले गेली. आन साऱ्याइनं ऐकून घेतलं. एका माणसानं विचारलं नाई का बाप्पा, गेली तर तिचं गाठोडं इथं कसं?

किसना धावत शेखरभाऊकडं गेला. शेखरभाऊ तवा जेवून राहिला होता. हात न धुता म्हणे, "बुधवारी तोडा हाय. बगीचा उभाच विकला मी, सारा माल झाडावर असतानाच. पोलीस आले तर व्यापारी फाटकातूनच पळन. गुरुवारी आपण होऊन सांगू. मेलेलं माणूस दोन दिवसात आणखी काय मरते?"

मंग शेखरभाऊ म्हणे, "तुयं घरबी बगीच्यातच हाय, किसना."

थू! पण ऐका पुढं. तो वापस आला आन दोन क्रेट सडकी गळ त्या हातावर ओतली. स्वतःच्या हातानं. मंग घरी येऊन पोरीले समोर बसवलं.

"तू काई पाह्यलं नाई. म्हण."

"पाह्यलं ना बाबा, हिरव्या बांगड्या..."

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. पहिल्यांदाच मारली त्यानं तिले.

"म्हण!"

"नाई पाह्यलं."

बुधवारी मी ट्रक घेऊन गेलो. हॉर्न वाजवला, पोरगी आली नाई. नाल्याकडून वारा सुटला आन वास थेट नाकात शिरला. किसना माझ्याकडं न पाहता म्हणे, "गळीचा वास हाय." मी मान हलवली. अरे, बावीस वर्षं रस्त्यावर काढली मी. सडलेलं फळ कसं वास मारते आन सडलेलं मास कसं, मले नाई कळत? कळलं. तोंडाले रुमाल बांधला आन माल भरला. कोणाले शिव्या देऊन राहिलो मी? मीही त्यातलाच.

भरता भरता लय रात झाली, मी फाटकाजवळ कॅबिनमधेच झोपलो. पुढचं किसनानं मले त्याच्या तोंडानं सांगितलं.

बारा ऑक्टोबरची रात. दोन वाजून दहा मिनिटं. त्याले जाग आली. नीलमची जागा रिकामी. दार उघडं.

बाहेर पोरगी कोणाशी तरी बोलून राहिली होती.

"हाव..."

मंग गप.

"नाई... बाबा म्हणते..."

पुन्हा गप.

तो दारात आला. चांदणं पडलं होतं. पोरगी ओट्यावर बसली होती, त्याच्याकडं पाठ करून. समोर कोणी नाई. वास मात्र असा का त्यानं पदरासारखा धोतराचा सोगा नाकाले लावला. आन मंग माशा दिसल्या.

रातच्याले माशी उडत नाई, पोरं हो. त्या उडत नव्हत्याच. बसल्या होत्या. पोरीच्या समोर, माणसाएवढ्या उंचीवर. डोक्यापासून पायापर्यंत, दाट. कशावर बसल्या होत्या...

तिथं काईच नव्हतं.

"नीलम... घरात ये."

पोरीनं वळून नाई पाह्यलं.

"बाबा, या विचारून राहिल्या. तुमी पाह्यलं का?"

हाव म्हणायचं होतं फक्त. शेखरभाऊ नव्हता तिथं. कोणीच नव्हतं. मले सांगताना किसना रडला, म्हणे, सहदेव, हावच तोंडात होतं...

"नाई," तो म्हणे. "मी काई पाह्यलं नाई."

माशा एकदम उठल्या.

अंगण मोकळं.

पोरगी उठली. त्याच्या अंगावरून आत गेली आन झोपली.

झुंजूमुंजू व्हायच्या आधी मी माल घेऊन निघून गेलो होतो. किसना उजाडताच ठाण्यात गेला आन सारं ओकून आला. खड्डा उपसला, बाई निघाली. तिसऱ्या दिवशी पळालेला कुंदन अकोल्यात सापडला, त्यानंच मारलं होतं तिले. माल तर मी तवाच मंडीत उतरवला होता. लोकाइनं खाल्ला. गावानं आठ दिवस शेखरभाऊले नावं ठेवली, पुढच्या साली बगीचा पुन्हा उभाच विकला गेला. किळस येते मले या साऱ्याची. माझी सुद्धा.

किसनानं राखण सोडली. नीलम बापाशी बोलत नाई, एवढं मले कळलं होतं. मारलं म्हणून राग असन, वाटलं. सीमा तिले अमरावतीले डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली, ते काहून, मले तवा समजलं नाई. पोरीनं शेवटची बारीक ओळही घडाघडा वाचली म्हणे.

मागच्या महिन्यात मी त्याइच्या घरी गेलो. पोरगी मोठी झाली आता, हसरी हाय. मी बाजेवर बसलो होतो, किसना माझ्या खांद्याले खांदा लावून. पोरगी पाणी घेऊन आली. एकच गिलास. मले दिला, आन बाजेकडं पाहून हसली.

"काका, असे अंग चोरून काहून बसले? सारी बाज रिकामी हाय, ऐसपैस बसा ना."