आंधळ्या घोड्यासाठी फुंकलेलं शिंग

साहेब, तुम्ही आम्हाला फसवलंत. जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीत, ऊबदार खोलीत बसून तुम्ही पत्रक काढलंत, की शिकारीच्या मोसमात पाळीव जनावरांच्या मालकांनी योग्य ती काळजी घ्यावी. योग्य ती म्हणजे कोणती? जनावरं उठवायचा हाका कुठल्या रानात, किती वाजता सुरू होणार हे शिकाऱ्यांनी शेजाऱ्याला आधी सांगावं, एवढी एक ओळ लिहायला तुमची शाई संपली होती का? मी फोन केला तर तुमची बाई म्हणाली, "मादाम, कुंपण नीट करून घ्या." कुंपण बंदुकीचा आवाज अडवतं, असं तुमच्यापैकी कुणी कधी पाहिलंय?

तुम्ही केलं नाहीत ते एका शिकाऱ्यानं केलं. त्यापायी त्याच्यावर काय वेळ आली, ते आता ऐका.

मी सोलेन. ला कोंबच्या उतारावरचं शेवटचं घर माझं. खोगिरं शिवते, तुटलेले लगाम सांधते. माझ्याकडे एक घोडी, एक म्हातारा घोडा, एक कुत्रा आणि एक मांजर. सप्टेंबर सरत आला की शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून मी सगळ्यांना नारिंगी करून टाकते. कुत्र्याला नारिंगी जाकीट, घोडीच्या आयाळीत नारिंगी फिती, मांजराच्या गळ्यात नारिंगी पट्टा आणि वर घुंगरू. मांजर तेवढे महिने माझ्याशी बोलत नाही.

पण म्हाताऱ्या घोड्याला, सुलतानला, नारिंगी करून काय उपयोग? तो दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे. घोडीच्या कुशीला कूस लावून चरतो, तिच्या टापांच्या आवाजावर चालतो. बंदूक वाजली की घोडी उधळते, आणि हा ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेला सुटतो. गेल्या मोसमात थेट तारेत घुसला. छातीवरचा वण अजून हाताला लागतो. महिनोन्‌महिने तबेल्यात बांधून ठेवावं तर त्याचे पाय सुजतात, पोट धरतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं — या मोसमात त्याला पुन्हा काही झालं, तर घर विकायचं आणि हे रान कायमचं सोडायचं.

ऑक्टोबरातला पहिलाच हाका. सकाळचं धुकं अजून चेस्टनटच्या झाडांना लोंबत होतं. कुणी काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलं नाही, धाड धाड सुरू. घोडीनं कठड्यावरून उडी टाकली आणि रानात गेली. सुलतान लटपटत कोपऱ्यात उभा राहिला, नशीब. त्याला आत घातलं आणि मी धावले... चिखलातून, काट्यांतून, गळा फाडून ओरडत.

"बिश... बिश..."

बिश माझ्या घोडीचं नाव. आमच्या फ्रेंचमध्ये बिश म्हणजे हरणी.

बीचच्या झाडांमध्ये नारिंगी जाकिटातला एक माणूस उभा होता. बंदूक बिजागरीत उघडून, रिकामी करून खांद्यावर टाकलेली, गळ्यात पितळी शिंग. माझी घोडी त्याच्या हातातला पाव खात होती, जणू न्याहारीलाच आली होती.

"शिकारीच्या दिवशी 'हरणी, हरणी' ओरडत रानात फिरताय," तो म्हणाला. "मरायचा विचार आहे का?"

"मारायचा आहे. कुणाला, ते शोधत होते. तुम्ही सापडलात."

तो हसला नाही. त्यानं ओठ चावला, पण डोळे हसलेच.

"हिचं नाव हरणी कुणी ठेवलं?"

"मी. तेव्हा उन्हाळा होता."

मग मी त्याला धू धू धुतला. सुलतान, तारा, सुजलेले पाय, सगळं सगळं. तो घोडीच्या आयाळीतून काटे एकेक करून काढत राहिला... इतक्या हळू, की माझाच आवाज खाली यायला लागला.

"आंधळ्याला आत न्यायला किती वेळ लागतो?" त्यानं शेवटी विचारलं.

"पाव तास. तो पाय चाचपत चालतो."

त्यानं मान हलवली आणि घोडीची आयाळ माझ्या हातात दिली. त्याची बोटं गार होती. हे मला का आठवतं, मला विचारू नका.

पुढच्या रविवारी मी कॉफीचा वाडगा घेऊन दारात उभी होते. आमच्याकडे शिंगाची भाषा सगळ्यांना पाठ. एक लांब — हाका सुरू. तीन लांब — हाका संपला, बंदुका रिकाम्या करा. त्या सकाळी टेकाडावरून वेगळंच आलं. दोन आखूड, हलके सूर... झोपलेल्याच्या कानाशी बोलावं तसे. वर पाहिलं, तर तो. त्यानं हात उचलून माझ्या तबेल्याकडे दाखवलं.

मी सुलतानला आत नेलं, दार लावलं, रेडिओ मोठा केला. पाव तासानं एक लांब सूर रानभर गेला. सुलताननं कान टवकारले आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

दुपारी तो आला. कुंपणाबाहेरच थांबला.

"मी तिबो. छपरांची कामं करतो. सुलतान कसा आहे, बघायला आलो."

"सुलतान बरा आहे. तुमचे बूट घाण आहेत."

"बाहेरूनच विचारतो मग."

"मी बूट काढा म्हणाले. जा नाही म्हणाले."

मग तो दर रविवारी यायचा. कधी टोपीत रानातल्या अळंब्या, कधी रानडुकराच्या मांसाचा डबा. मी डुक्कर आवडीनं खाते, हे ऐकून तो चाटच पडला.

"मग शिकाऱ्यांशी भांडण कसलं?"

"शिकारीशी नाही. न सांगता करता, त्याच्याशी."

"म्हणजे सांगून काहीही केलेलं चालतं?"

"सांगून बघा."

तो कानापर्यंत लाल झाला. कुत्र्याच्या जाकिटाची गाठ सोडवत बसला... नीट बांधलेली गाठ. मांजर त्याच्या मांडीवर जाऊन बसलं, घुंगरू वाजवत, माझ्याकडे पाठ करून.

शिंग त्याच्या वडिलांचं होतं. ते गेल्यावर गावानं ते त्याच्या गळ्यात घातलं. हाका सुरू करायचा मान त्याचा. तो शिंगाबद्दल बोलायचा तेव्हा बोटांनी त्याची कडा पुसत राहायचा. एका दुपारी छपरावर सर कोसळत होती, आणि आम्ही दोघं तबेल्यात सुलतानला खरारा करत होतो. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. पाठीवर दोघांचे ब्रश भेटले.

"सोलेन... तुम्ही..."

"तू म्हण."

"तू," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं विसरला.

मी आठवण करून दिली नाही. घोड्याच्या पाठीवरून वाकले आणि त्याचं चुंबन घेतलं. सुलतान फुरफुरला. त्याला दिसत नाही, पण कळतं सगळं.

आणि इथेच घोळ झाला. ते दोन हलके सूर आम्ही दोघंच ऐकत होतो, असं आम्हाला वाटत होतं. डुकरंही ऐकत होती. माझ्या रानात शिकारबंदी आहे, हे डुकरांना तुमच्या कचेरीपेक्षा लवकर कळलं. वरून दोन सूर आले की तो अख्खा कळप उठायचा, शांतपणे ओढा ओलांडायचा आणि माझ्या सफरचंदांच्या झाडांखाली येऊन लोळायचा. पाव तासानं हाका सुरू व्हायचा, रिकाम्या रानात. मला वाटायचं, यंदा सफरचंदं भारी पडतायत, म्हणून येतात.

मग एका रविवारी शिकारी कुत्र्यांनी माग काढला आणि माझ्या कुंपणाशी येऊन भुंकत बसली. मागोमाग सगळे शिकारी आले. आतमध्ये डुकरं पसरलेली, पाहुण्यांसारखी. शिकाऱ्यांचा म्होरक्या, म्हातारा ओनोरे, कुंपणावर कोपर टेकून बराच वेळ बघत राहिला.

"यांना निरोप कोण देतंय?" तो म्हणाला.

सगळ्या माना तिबोच्या गळ्यातल्या शिंगाकडे वळल्या.

शनिवारी संध्याकाळी शिकाऱ्यांच्या खोलीत बैठक बसली. तिबोनं मला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. म्हणून मी गेले. घोडीवर बसून, सुलतानला दोरीनं शेजारी घेऊन, नारिंगी कुत्र्यासकट. दार उघडंच होतं. आत सूपाची वाफ, लाल दारू, ओल्या लोकरीचा वास. टेबलावर शिंग ठेवलेलं, आणि तिबो समोर उभा, मान खाली.

"कुणाला इशारा देत होतास, एवढंच सांग," ओनोरे म्हणत होता. "नाहीतर शिंग दुसऱ्याच्या गळ्यात जाईल."

तिबो गप्प. माझं नाव या खोलीत चघळलं जाऊ नये, म्हणून गप्प. वडिलांचं शिंग घालवायला निघालेला हा शहाणा.

"मला," मी दारातून म्हणाले. "डुकरांना नाही. मला आणि याला."

सुलताननं दारातून मान आत घातली. जवळच बसलेल्या ओनोरेच्या बाहीचा वास घेतला. म्हाताऱ्यानं त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला. मग तोच हात त्याच्या कपाळावर ठेवला.

"दिसत नाही याला?"

"नाही, ओनोरेबाबा. पळायला लागला तर थांबायचं कुठे, तेही कळत नाही."

"मग आम्हाला येऊन सांगायचं की, पोरी."

"गेल्या वर्षी आले होते. तुम्ही सगळे जेवत होता."

कुणीतरी खोकलं. कोपऱ्यातून आवाज आला, "म्हणजे आम्ही रिकाम्या रानात भिजत होतो, आणि हा बेटा शिंगावर पोरगी पटवत होता?" मग जे हसणं सुटलं, ते थांबेना. तिबोही हसला, रडवेला होऊन.

ओनोरेनं शिंग उचललं. "शिंग तुझंच. पण ते दोन सूर बंद. डुकरं तुझ्यापेक्षा हुशार आहेत. या घोड्यासाठी दुसरं काहीतरी काढा."

"तिबो शिंग माझ्या अंगणातून फुंकेल," मी म्हणाले. "आधी सुलतान आत, मग लांब सूर. डुकरांना आधी काही कळणार नाही."

"आणि अंधार असताना, या थंडीत, हा एवढ्या लांब तुझ्या अंगणात पोचणार कसा?"

"पोचायचं कशाला? तिथेच उठेल."

तिबोनं मान वर केली. त्याचे कान त्याच्या जाकिटापेक्षा लाल झाले होते. मी घोडीवरून खाली उतरले, लगाम ओनोरेच्या हातात दिला आणि तिबोसमोर जाऊन उभी राहिले.

"मोसमापुरतं विचारत नाहीये. मोसम संपल्यावरही, उन्हाळ्यातही, सुलतान गेल्यावरही. मांजराला तू चालतोस, कुत्र्याला चालतोस, मला तर चालतोसच. गाव साक्षीला बसलंय, सूप गार होतंय. हो की नाही, तिबो? बोल."