लाँचच्या तळाचं शेवाळ

बोट जरा मंदावली की लोक इंजिनाच्या नावानं खडे फोडतात. तळाकडं कोणी ढुंकून बघत नाही. तळाला बोटभर शेवाळ आणि चार गोगलगायी चिकटल्या, की पाणी सरकत नाही, बोटीला धरून ठेवतं. मी चांद्याचा मिस्त्री. एवढं तरी मला कळतं.

छप्पन साली वडशाच्या खाली वैनगंगेवर लाँच आली, पलीकडच्या गावातले आजारी अलीकडच्या दवाखान्यात आणायला. आदल्या श्रावणात सोमाजी ढिवराची थोरली पोर, गोकुळा, बाळंतपणासाठी डोंग्यातून येताना मधल्या धारेत बुडाली. प्रेत मिळालं नाही. लाँच आली ती त्यानंतर, आणि तिच्यावर माझ्या जोडीला खलाशी म्हणून नेमला तो सोमाजीच.

कार्तिकात दवाखान्याकडं यायला वीस मिनिटांऐवजी चाळीस लागू लागली. गावाकडं परतताना मात्र वीसच. तळ खराब असला तर दोन्हीकडं सारखाच वेळ लागायला हवा. तो फरक मी वाऱ्याच्या माथी मारला.

लाँच वाळूवर ओढली. खुरप्यानं तळ खरवडला, भाताच्या तणसाचा धूर दिला, दोन दिवस ऊन दाखवलं, डांबरात मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कालवून दोन हात फासले. तळ आरशासारखा झाला. मी स्वतःवर खूश होतो.

सकाळी तळाला वीतभर शेवाळ होतं. हिरवं, ओलं. लाँच पाण्यापासून वीस हात दूर, कोरड्या वाळूत. सगळं शेवाळ आडवं, गावाच्या दिशेनं वळलेलं.

"सोमाजीभाऊ, हे काय?"

त्यानं खुरपं खाली ठेवलं. "तिचं काई केलं नाई आमी, मिस्त्री. प्रेत नसलं त पळसाच्या काड्यांचं माणूस करून जाळतेत. तिची माय करूच देत नाई. म्हणते, पोरगी घरी येऊन राह्यली, रस्त्यात हाये."

मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तळ पुन्हा खरवडून लाँच पाण्यात घातली आणि तिसऱ्या दिवशी सोमाजीच्या धाकटीला, भागीरथेला, आणावं लागलं. दोन दिवस कळा, मूल अडलेलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई ताराबाई बसली होती. "बाई, वीस मिनिटं," मी म्हणालो.

भर दुपारी, मधल्या धारेत लाँच थांबली.

इंजिन पूर्ण जोरात होतं. पंखा फिरत होता, त्यात काही अडकलं नव्हतं. दोन्ही काठ जागच्या जागी. भागीरथा आता ओरडतही नव्हती.

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. हातभर लांब शेवाळ, ताठ, गावाकडं ताणलेलं.

सोमाजी खुरपं घेऊन उडी मारायला निघाला. ताराबाईनं त्याचा हात धरला. "लोखंड नोका लावू तिले."

मग ती पाण्याकडं वाकली. "गोकुळा, सोड माय. तुयी लहान बहीण हाये. तुह्यावानी होऊ नोको देऊ तिले. मीच धरून ठेवली तुले. आता नाई ठेवत."

लाँचला हिसका बसला. दहा मिनिटांत आम्ही काठाला लागलो.

भागीरथा वाचली. मुलगाही वाचला.

बाराव्या दिवशी गावाच्या काठावर पळसाच्या काड्यांचं माणूस केलं, त्याला गोकुळाचं लुगडं गुंडाळलं. काड्या मी स्वतः मोडून पाहिल्या होत्या, कडकडीत वाळलेल्या. सोमाजीनं आग लावली. पेटेना. घासलेट ओतलं. तरी पेटेना.

लुगड्यातून पाणी ठिबकत होतं.

ताराबाई पुढं झाली, त्याच्याजवळ बसली आणि न्हायलेल्या पोरीला पुसावं तसं डोक्यापासून पदरानं पुसत गेली. पदर पिळला, पुन्हा पुसलं. बराच वेळ.

"आता लावा," ती म्हणाली.

एकाच आगकाडीत पेटलं. ताराबाईच्या ओल्या पदराला लांब काळे केस चिकटले होते. ते तिनं एकेक करून सोडवले आणि आगीत टाकले.